पट्ट्यापलीकडची मोटर

बुलढाणा जिल्ह्यातला जलंब–खामगाव रेल्वेफाटा 1870 साली सुरू झाला, तो कापसासाठी. त्या काळच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये एकच वाफेचं इंजिन लांब दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रं फिरवी. लाकूड कापणाऱ्या आरा गिरणीतही तीच पद्धत; तिथली जुनी यंत्रं आजवर टिकली, ती माझ्या मते याच रचनेमुळे: शक्ती एकीकडे, यंत्र दुसरीकडे. इंजिन गेलं, मोटर आली, पट्टा राहिला. मोटर जळली की तेवढीच उतरवायची, काळवंडलेली तार काढून वेढे मोजायचे, त्याच जाडीची तांब्याची तार भरून वॉर्निश द्यायचं. नवी मोटर वीज वाचवते, हा आक्षेप खराच. पण पायांची भोकं, दांड्याची उंची नि पुली जुन्या बैठकीला जुळली नाहीत, तर ती बचत जुळवाजुळवीतच जाते. मात्र बेअरिंग आणि व्होल्टेज न तपासता मोटर चढवली, तर नवी असो की जुनी, ती पुन्हा जळू शकते.