‘येनी’ या शब्दाविषयी

१. येनी : गोंडीत हत्ती. सालेकसा, देवरी भागातल्या गोंडीला आपल्याकडे सर्रास मराठीची बोली समजतात, ते साफ चूक आहे. ती द्राविड भाषा असून तेलुगूच्या शाखेतली आहे. हत्तीला जुन्या तमिळमध्ये ‘यानै’, नंतर ‘आनै’, कन्नडमध्ये ‘आने’, तेलुगूत मात्र ‘एनुगु’. एकच शब्द योगायोगाने जुळू शकतो, म्हणून शेळीकडे पाहावे : जुनी तमिळ ‘याटु’, आजची ‘आडु’, तेलुगू ‘एट’ (मेंढा), गोंडी ‘येटी’. आ-ए हीच जोडी पुन्हा आली. यावरून मूळ द्राविडात आरंभी ‘या’ होता असे अभ्यासक मानतात. ‘य्’ने दक्षिणेत ‘आ’ तसाच ठेवून काढता पाय घेतला, इकडे तेलुगू-गोंडीत त्याला ‘ए’कडे ओढले. फिनिश ‘कॅसि’ आणि हंगेरियन ‘केझ’ (हात) यांचा मूळ उरालिक स्वरही याच रीतीने शोधतात. द्राविड भाषांचे अभ्यासक कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविड भाषांचे नाते थेट फिनिशच्या कुळाशी जोडले होते. ते सिद्ध झालेले नाही. आपल्या गावी ‘येनी’चा उच्चार वेगळा असल्यास वाचकांनी गावाच्या नावासह जरूर कळवावा. – संपादक