स्त्रीचे वय आणि तिचा चेहरा : रजोनिवृत्ती, संप्रेरक-चिकित्सा आणि मराठवाडा

मराठवाड्यातील खेड्यांचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्यास वयाचा प्रश्न पहिल्याच पायरीवर अडवितो. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या मार्गावरील चाकूर तालुक्यात एखाद्या वृद्धेस तिचे वय विचारावे, तर ती वर्षांची संख्या सांगत नाही, घटना सांगते. पोलीस ॲक्शनच्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, आपण रांगत होतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलो तेव्हा पदरी दोन लेकरे होती. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरल्या नातवाचे बारसे व्हावयाचे होते. अशा सांगण्यावरून सवडीने वय काढता येते. ज्यास तेवढी सवड नसते तो तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि अंदाज बांधतो. असे अंदाज पुष्कळदा दहापंधरा वर्षांनी चुकतात, आणि ते एकाच दिशेने चुकतात. पस्तिशीची स्त्री पन्नाशीची ठरते. पन्नाशीची पासष्टीची ठरत नाही असे क्वचितच घडते.

या चुकीचे कारण काय? स्त्रीचे दिसते वय कशाने ठरते? मासिक पाळी थांबल्यावर शरीरातील स्त्रीसंप्रेरक आटते म्हणून तिचा चेहरा वृद्ध दिसू लागतो काय, आणि तेच संप्रेरक औषधरूपाने दिल्यास तो तरुण राहतो काय? हा प्रश्न वैद्यकाचा खरा. परंतु त्यास एक इतिहास आहे, आणि तो इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय प्रश्नाचे उत्तर नीट लावता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रजोनिवृत्ती आणि जरा यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजोदर्शनाचा काळ बारा वर्षांपासून मानला असून, शरीर जरेने पक्व झाले म्हणजे पन्नाशीच्या सुमारास रजाचा क्षय होतो असे सांगितले आहे. येथे कार्यकारणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सुश्रुताच्या दृष्टीने जरा आधी आणि रजःक्षय नंतर. रजःक्षय हे जरेचे लक्षण आहे, कारण नव्हे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन हे जरानिवारणाचे स्वतंत्र अंग आहे खरे. पण त्याची सर्वश्रुत कथा च्यवन ऋषीची, म्हणजे एका वृद्ध पुरुषाची आहे. सुकन्या त्या कथेत तरुणच आहे. तिला पुन्हा तरुण करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आधुनिक काळातही आरंभ पुरुषापासूनच झाला. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेऊन आपणांस नवी शक्ती लाभल्याचे जाहीर केले. तो अनुभव भ्रामक होता. परंतु ग्रंथींच्या स्रावात तारुण्य साठविलेले असते ही कल्पना तेथून लोकांच्या मनात रुजली. १९२३ साली ॲलन व डॉयझी यांनी अंडाशयातील स्रावाचे कार्य प्रयोगाने दाखविले, आणि १९२९ साली डॉयझी व बूटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून तयार केलेल्या प्रीमरिन या औषधास अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. अंगातून वाफा निघणे, दरदरून घाम येणे, झोप मोडणे या त्रासांवर ते गुणकारी होते, व आजही या वर्गातील औषधांचा तो गुण निर्विवाद आहे.

परंतु त्रासाचे औषध वेगळे आणि तारुण्याचे औषध वेगळे. ही सीमा १९६६ साली पुसली गेली. न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकाने रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या अभावाचा रोग ठरविला आणि औषध घेणारी स्त्री आजन्म तरुण व आकर्षक राहील असे आश्वासन दिले. या प्रचारास औषध-उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते, हे पुढे उघड झाले. सुश्रुताचा क्रम येथे नेमका उलटा झाला : रजःक्षय हेच जरेचे कारण ठरले, आणि कारण दूर केले म्हणजे कार्यही टळेल असा सोपा तर्क मांडला गेला.

त्यानंतरचा इतिहास चढउतारांचा आहे. १९७५ साली केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे आढळले. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीस त्याच्या जोडीने प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत पडली. २००२ च्या जुलैत अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवर चाललेली या जोड-औषधाची चाचणी मुदतीआधी थांबविण्यात आली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाकाठी स्तनाच्या कर्करोगाचे ८, हृदयविकाराचे ७ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक, तर खुब्याच्या अस्थिभंगाचे ५ कमी, असा तिचा हिशेब होता. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. साठीच्या आतील अथवा रजोनिवृत्तीस दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांत हा धोका पुष्कळ कमी असतो हे पुढील विश्लेषणात दिसले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी या औषधांवरील बहुतेक ठळक इशारे काढून टाकण्याचे जाहीर केले. या साऱ्या वादात चेहऱ्याचा प्रश्न मात्र बाजूस राहिला.

त्या प्रश्नापुरता पुरावा तपासला तर काय दिसते? रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांची त्वचाही पातळ असते, हे ऑलब्राइट यांनी १९४१ साली नोंदविले होते. १९८० नंतरच्या दशकात ब्रिंकट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मांडीच्या त्वचेचे नमुने तपासले. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे तीस टक्क्यांनी घटते, आणि संप्रेरक घेणाऱ्या स्त्रियांत ते अधिक असते, असे त्यांना आढळले. अमेरिकेच्या एका राष्ट्रीय आरोग्य-पाहणीतील ३,८७५ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९७ साली असे अनुमान निघाले की, इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरडी त्वचा व सुरकुत्या कमी असतात. येथवरचा पुरावा विल्सन यांच्या बाजूचा वाटतो.

तथापि येथे साधनचिकित्सेचा नियम लावावयास हवा. पाहणीतील स्त्रियांनी औषध स्वतः निवडलेले असते. जिला ते परवडते, जी नियमाने डॉक्टरांकडे जाते, तिचे अन्नही बरे असते आणि तिचे दिवस उन्हात जात नाहीत. आकडेवारीत अशा भेदांची वजावट करता येते, पण ती कधीच पुरी होत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून, एका गटास औषध व दुसऱ्यास निरौषध गोळी देणाऱ्या चाचण्यांस अधिक प्रामाण्य द्यावे लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत ४८५ स्त्रियांस ४८ आठवडे अल्प मात्रेचे संप्रेरक देऊन चेहऱ्यावरील सुरकुत्यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, पाळी थांबून तीन वर्षे न झालेल्या स्त्रियांची चार वर्षे पाहणी केली, चेहऱ्यामानेवरील अकरा ठिकाणच्या सुरकुत्या मोजल्या. निष्कर्ष तोच निघाला.

यावरून इतके म्हणता येते : इस्ट्रोजेनचा त्वचेच्या जाडीशी, ओलाव्याशी व कोलॅजेनशी संबंध आहे, परंतु योग्य वयात पाळी थांबलेल्या निरोगी स्त्रीचा चेहरा ते औषधरूपाने घेतल्यामुळे दिसण्यासारखा तरुण राहतो, हे सिद्ध झालेले नाही. सुरकुत्या घालविण्याकरिता या चिकित्सेस कोठल्याही जबाबदार वैद्यकसंस्थेची शिफारस नाही.

मग चेहऱ्यावर वय कोण लिहिते? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या छायाचित्रात आहे. एकोणसत्तर वर्षांच्या त्या ट्रकचालकाने अठ्ठावीस वर्षे गाडी हाकली होती. खिडकीकडील गालावर काचेतून येणारे ऊन पडे. तो गाल जाड, सैल आणि खोल सुरकुत्यांनी भरलेला होता. दुसरा गाल पुष्कळच तरुण होता. देह एक, रक्त एक, संप्रेरके एक; चेहरे मात्र दोन वयांचे. सावळ्या त्वचेस उन्हापासून काही संरक्षण असते हे खरे. परंतु चैत्र-वैशाखात उघड्या रानात खुरपणाऱ्या स्त्रीस उन्हाची एक बाजू नसते, चोहोबाजूंनी ऊन असते. शिवाय तिचे अपुरे अन्न, लवकरचे लग्न, पाठोपाठची बाळंतपणे, दात पडल्याने बसलेले गाल, या सर्वांची बेरीज व्हावयाची असते.

येथवर आल्यावर विषय संपला असे वाटेल. अमेरिकेपुरता तो संपतोही. मराठवाड्यात तो येथूनच सुरू होतो. कारण वर सांगितलेल्या चाचण्यांतील स्त्रियांची पाळी निसर्गक्रमाने थांबलेली होती. आपल्याकडे नैसर्गिक रजोनिवृत्तीचे सरासरी वय छेचाळीस-सत्तेचाळीस, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चारपाच वर्षे कमी धरले जाते. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात कित्येक स्त्रियांच्या बाबतीत निसर्गास ती वाटही पाहू दिलेली नाही.

ऊसतोडीच्या हंगामात नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर खाडा झाला की ती अधिक चढते. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशी तक्रार घेऊन स्त्री दवाखान्यात गेली की पुष्कळदा ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाका’ हा सल्ला मिळे, व त्यास कर्करोगाच्या भीतीची जोड असे. २०१६-१७ पासूनच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, अशी माहिती २०१९ साली विधिमंडळात देण्यात आली. त्याच वर्षी श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते. पुढे २०२३ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला.

येथे एक भेद काळजीपूर्वक करावयास हवा. गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, पण संप्रेरक थांबत नाही. ते अंडाशयांत तयार होते. अंडाशये शाबूत राहिल्यास रजोनिवृत्ती तात्काळ येत नाही, मात्र ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव असतो. अंडाशयेही काढली, तर एका दिवसात येते. तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी असे झाल्यास हाडे व हृदय यांस धोका पोहोचतो, आणि त्वचेतील जी घट पन्नाशीनंतर व्हावयाची ती पंधरावीस वर्षे आधी सुरू होते. अशा स्त्रीस, अन्य काही बाधक कारण नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे असे आजचे वैद्यक सांगते. तेथे हेतू सौंदर्याचा नसतो. अकाली हिरावले गेलेले परत देण्याचा असतो. गर्भाशयच नसल्याने तिला प्रोजेस्टोजेनची जोडही सामान्यतः लागत नाही.

इतिहासाचा विपर्यास तो हाच. ज्या औषधाची जाहिरात साठ वर्षांपूर्वी सुखवस्तू स्त्रीच्या चेहऱ्याकरिता झाली, तिला त्या कामी त्याचा उपयोग नव्हता. ज्या स्त्रीस ते देण्यास शास्त्राचा आधार आहे, ती शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत पुन्हा मोळी उचलावयास उभी राहते. आपली अंडाशये ठेवली की काढली, हे सांगणारा कागदही पुष्कळदा तिच्यापाशी नसतो.

म्हणून संशोधकाने दोन टोके टाळावयास हवीत. अकाली वृद्ध दिसणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा चेहरा शस्त्रक्रियेच्या माथी मारणे हे पुराव्यास सोडून आहे; ऊन, श्रम व कुपोषण यांचा त्यातील वाटा मोठा आहे. पण ‘उन्हातान्हात राबणाऱ्या बायका अशाच दिसावयाच्या’ असे म्हणून सोडून देणे हे त्याहून वाईट, कारण त्यामुळे ज्याचा जाब विचारता येतो तेही निसर्गाच्या खाती जमा होते. चेहरा हे ऐतिहासिक साधन आहे; परंतु ते अनेक हातांनी लिहिलेले साधन आहे, आणि प्रत्येक हात वेगळा ओळखावा लागतो.

त्याकरिता चाकूर, अहमदपूर, जळकोट, मुखेड, कंधार या तालुक्यांतून मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी जन्म, लग्न व बाळंतपणे यांच्या नोंदीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : पाळी कोणत्या घटनेच्या वर्षी गेली, ती आपोआप गेली की शस्त्रक्रियेने, आणि शस्त्रक्रियेचा कागद घरी आहे काय. स्त्रिया वर्षाचा आकडा सांगणार नाहीत; त्या दुष्काळ सांगतील, भूकंप सांगतील, नातवाचे बारसे सांगतील. त्यावरून हिशेब करणे हे आपले काम आहे.