गाण्याचे खरेदीखत

आमचे मामा गेल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा जुनी पंचांगे आणि विम्याच्या पावत्या यांच्या तळाशी एक पिवळा पडलेला कागद सापडला. रेव्हेन्यू स्टँपवर सही, तारीख १९८६ मधली, आणि मजकूर अवघा साडेतीन ओळींचा. मामांनी स्वतः रचलेली व स्वतःच चाली लावलेली बारा भक्तिगीते 'सर्व हक्कांसह कायमची' एका कॅसेट कंपनीला दिली, त्याबद्दल रोख बाराशे रुपये पोहोचले, एवढाच त्याचा आशय. ती कॅसेट पुढे बरीच चालली. इंदुरातल्या कित्येक घरांत दत्तजयंतीला ती लागत असे. मामांना मात्र पुन्हा पैसाही मिळाला नाही, आणि पुढच्या आवृत्तीवरून त्यांचे नावही गळाले.

माझी उभी नोकरी नोंदणी व मुद्रांक खात्यात, म्हणजे खरेदीखते आणि भाडेपट्टे तपासण्यात गेली. दोन बिघे जमीन विकताना चतुःसीमा, क्षेत्र, खातेक्रमांक, साक्षीदार असे सगळे लिहून घेणारे आपण लोक, गाणे देताना मात्र चतुःसीमेवाचून सही करतो. असे का व्हावे, या कुतूहलापोटी निवृत्तीनंतर या विषयाचे जे वाचन झाले, ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. मंडळात कविता करणारे, चाली बांधणारे सभासद पुष्कळ आहेत, हेही त्याचे एक कारण.

गाण्याच्या मालकीचा प्रश्न यंत्राने उभा केला. छापील संगीताच्या काळात हिशेब सोपा होता. कागद छापणाऱ्याने कर्त्याला पैसे द्यायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आपोआप वाजणारे पियानो घरोघर आले. छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी त्यात बसवली की सूर उमटत. अपोलो नावाच्या कंपनीने अशा गुंडाळ्या विकल्या आणि मूळ गाण्यांच्या प्रकाशकाने, व्हाइट-स्मिथ कंपनीने, दावा लावला. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, माणसाला जी डोळ्यांनी वाचता येत नाही ती गुंडाळी म्हणजे गाण्याची 'प्रत' नव्हे. सबब प्रकाशकाला काही देणे नाही. त्या वेळचे विख्यात बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांनी यांत्रिक संगीताविरुद्ध १९०६ पासूनच झोड उठवली होती.

वर्षभरातच, १९०९ मध्ये, अमेरिकी संसदेने कायदा बदलला आणि यंत्रावर गाणे चढवण्याचा हक्क कर्त्याला दिला. पण त्यातही एक मेख होती. एओलियन नावाच्या एका मोठ्या कंपनीने बहुतेक प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवल्यामुळे सारे संगीत एकाच्या मुठीत जाईल, अशी भीती होती. म्हणून संसदेने मधला मार्ग काढला. पहिल्यांदा गाणे कोणाला द्यायचे हे कर्त्याने ठरवावे. मात्र एकदा त्याच्या संमतीने ते यंत्रावर चढले की पुढे कोणीही नोटीस देऊन आणि प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट भरून तेच गाणे आपल्या गायकाकडून गाऊन घ्यावे. कर्त्याने नाही म्हणण्याचा प्रश्नच नाही. हा दोन सेंटांचा दर १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल एकोणसत्तर वर्षे, जसाच्या तसा राहिला! दोन महायुद्धे होऊन गेली, पावाची किंमत कितीतरी पटींनी वाढली, गीतकाराचे दोन सेंट मात्र हलले नाहीत. सरकारी दर एकदा ठरले की त्यांचे काय होते, हे आमच्या खात्यातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

इंग्लंडने १९११ च्या कायद्यात हीच वाट धरली, पण दर ठोक रकमेत न ठेवता विक्रीच्या किमतीवर टक्क्यांत ठेवला. प्रथम अडीच, मग पाच टक्के. तिथे रेकॉर्डवर चक्क तिकिटे चिकटवून स्वामित्वधन चुकते करीत. हा इंग्रजी कायदा थोड्या फेरफारांनी १९१४ साली हिंदुस्थानात आला. तोवर इकडे ध्वनिमुद्रण सुरू होऊन बारा वर्षे झाली होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग कलकत्त्यात उतरला होता, आणि गौहरजान गाणे संपताना आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे, ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. गाणाऱ्याने आपले नाव असे तबकडीत कोरून ठेवले. बंदिश ज्याची, त्याने कुठे पुकारायचे?

आपल्याकडे बंदिश ही घराण्याची, पद हे नाटक कंपनीचे आणि अभंग सगळ्यांचा, अशी समजूत होती. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. आमच्या घरात होत्या त्या नाट्यपदांच्या तबकड्यांवर नट ठळक, नाटक ठळक, आणि पद कोणाचे व चाल कोणाची हे शोधायला भिंग घ्यावे लागे. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. तशी नोंद ठेवण्याची गरजच कोणाला वाटली नाही. पण नोंद नसली की हक्क बुडतो, हे जमिनीत खरे तसे गाण्यातही खरे.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. काव्य आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत, त्यांचे पहिले मालक त्यांचे कर्ते, हे त्यात स्पष्ट होते. मात्र सतराव्या कलमात अपवाद होते, आणि चित्रपटाने त्या अपवादांतूनच वाट काढली. मोबदला देऊन निर्मात्याने करवून घेतलेले काम, उलट करार नसल्यास, निर्मात्याचे. चित्रपटसृष्टीत उलट करार कोण करणार? गीतकाराला पैसे रोख मिळत, गाणे निर्मात्याचे होई, निर्माता ते ग्रामोफोन कंपनीला देई. गाणाऱ्यांची अवस्था त्याहून वाईट. आपल्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या लताबाईंचे 'महल'मधले १९४९ सालचे गाणे देशभर गाजले, तेव्हा रेकॉर्डवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी'चे, नाव होते. पुढे साठच्या दशकात रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा गायकांनाही मिळावा असा आग्रह लताबाईंनी धरला. मोहम्मद रफींचे म्हणणे, एकदा मानधन घेतले की आपला संबंध संपला. त्या वादातून काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. रफींचा साधेपणा मला मोह घालतो, पण हिशेब लताबाईंचा बरोबर होता, असे आज वाटते.

१९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठीची संस्था निघाली आणि त्याच वर्षी तिने आपले दरपत्रक जाहीर केले. चित्रपट निर्मात्यांच्या संघटनांनी हरकती घेतल्या. कॉपीराइट मंडळाने निकाल संस्थेच्या बाजूने दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांची बाजू उचलून धरली: उलट करार नसेल तर मोबदला देणारा निर्माताच मालक. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाशी सहमती दाखवतानाच स्वतंत्र टिपण जोडले, आणि गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच स्थान नाही याकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेला ते ऐकू यायला सतरा वर्षे लागली. कलावंतांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले.

दरम्यान कॅसेटचे युग सुरू झाले होते. रेकॉर्ड काढायला कारखाना लागे, कॅसेट एका खोलीत भरता येई. १९५७ च्या कायद्यात इंग्रजी धाटणीची तरतूद होतीच: एकदा संमतीने मुद्रण झालेले गाणे दुसऱ्याने नोटीस देऊन व स्वामित्वधन भरून पुन्हा मुद्रित करावे. गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतल्या 'व्हर्जन' कॅसेटांचा जो धडाका लावला, तो याच वाटेने. नव्या गायकांना त्यातून नाव मिळाले, सामान्य माणसाला गाणे स्वस्त झाले. मूळ कर्त्याच्या हाती काय पडले हा प्रश्न मात्र राहिलाच. १९९४ साली पहिल्या मुद्रणानंतर दोन वर्षे थांबण्याची अट आली. २०१२ मध्ये ती पाच वर्षांची झाली आणि ३१-ग हे नवे कलम आले: दर गाण्यामागे वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचे पैसे आगाऊ भरायचे, तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करायचा नाही, आणि मूळ गायकाचे नाव वा छायाचित्र लावून गिऱ्हाइकाची दिशाभूल करायची नाही.

इथे एक अमेरिकी प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. डॉली पार्टन या गायिकेने 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणे स्वतः लिहून १९७४ साली गाइले. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचे होते. मुद्रणाच्या तोंडावर त्याच्या व्यवस्थापकाने निरोप दिला की, गाण्याच्या प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा लिहून दिल्याखेरीज एल्व्हिस गाणार नाही. बाई रात्रभर रडल्या, आणि नाही म्हणाल्या. गंमत अशी की गाणे आधीच बाजारात आलेले असल्यामुळे, कायद्याप्रमाणे एल्व्हिसला प्रतीमागे दोन सेंट भरून ते खुशाल गाता आले असते. व्यवस्थापकाला परवाना नको होता, जमीनच हवी होती. अठरा वर्षांनी, १९९२ मध्ये, व्हिटनी ह्यूस्टनने 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी तेच गाणे गाइले. ते चौदा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. तोवर कायदेशीर दर प्रतीमागे ६.२५ सेंट झाला होता, आणि गाणे अजून बाईंच्याच मालकीचे होते.

आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने, आणि त्याहून अधिक २०१२ च्या दुरुस्तीने, गीतकाराच्या हाती बरेच काही दिले. त्या वेळी राज्यसभेत सदस्य असलेले जावेद अख्तर यांनी त्यासाठी मोठा झगडा केला. २१ जून २०१२ पासून चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याचे हक्क जरी कर्त्याने दिले, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचे अर्धे स्वामित्वधन त्याला सोडता येत नाही; वारस किंवा हक्क सांभाळणारी संस्था एवढ्यांनाच ते देता येते. 'सोडले' असे लिहून दिले तरी ते लिखाण फुकट.

चित्रपटाबाहेरच्या कवीला मात्र एकोणिसावे आणि तिसावे कलम अधिक महत्त्वाचे. हक्क कायमचा देणे हे खरेदीखत, परवाना देणे हा भाडेपट्टा. दोन्ही लेखीच हवेत. कोणते गाणे, कोणता हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, किती पैसे हे त्यात असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही, तर, उलट लिहिलेले नसल्यास, तो संपतो. गाणे सुचून कागदावर उतरले की हक्क उत्पन्न होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण उद्या तंटा झाल्यास उपयोगी पडते. सभागृहे, रेडिओ, उपाहारगृहे यांच्याकडून स्वामित्वधन गोळा करणे एकट्याच्या आवाक्यातले नाही, म्हणून वर सांगितलेल्या सोसायटीचे सभासद व्हावे. तिची नव्या कायद्याखाली नोंदणी २०१७ साली झाली.

हे सगळे वाचून मी मामांचा कागद पुन्हा काढला. एकोणिसाव्या कलमाच्या सातव्या पोटकलमात लिहिले आहे की, पाच वर्षांची ही सवलत १९९४ च्या दुरुस्तीपूर्वीच्या हस्तांतरणांना लागू नाही. मामांची सही १९८६ ची. एक दार तेव्हाही उघडे होते. १९८३ च्या दुरुस्तीने, करार कर्त्यावर जाचक असेल तर तो रद्द करण्याचा अधिकार कॉपीराइट मंडळाला मिळाला होता. ते मंडळ आता राहिले नाही, त्याचे काम अखेर न्यायालयांकडे गेले. मामांना मंडळाचे नावही ठाऊक नव्हते, आणि मी नोंदणी खात्यात असूनही मला ठाऊक नव्हते. ही खंत मी इथे लिहून ठेवतो.

पेटीत एक वहीही निघाली. तीत बारांखेरीज आणखी सात गाणी होती, मामांनी स्वतः लिहिलेल्या स्वरांसह. ती कोणत्याही कागदात गेलेली नाहीत. मामा १९९८ साली वारले, त्यामुळे किमान २०५८ च्या अखेरीपर्यंत त्यांच्यावर वारसांचा हक्क आहे. गेल्या वर्षी इथल्याच एका तरुण गायिकेने त्यांतले एक गाणे मागितले. तिचे मुद्रण इंटरनेटवरून परदेशातही ऐकले जाणार, म्हणून प्रदेशाच्या रकान्यात 'भारत व भारताबाहेर' असे मुद्दाम घातले. मुदत पाच वर्षे. परवाना तिच्या एकटीपुरता, पण दुसऱ्यालाही देण्याची मुभा आम्हाला. शब्दांत बदल विचारल्याशिवाय नाही. कवी व संगीतकार म्हणून मामांचे नाव प्रत्येक ठिकाणी. उत्पन्नाचा निम्मा वाटा, वर्षातून एकदा हिशेबासह. मामेभाऊ आणि मामेबहीण दोघेही वारस, म्हणून दोघांच्या सह्या.

सही करण्याआधी मामेबहिणीने विचारले, "दादा, म्हणजे गाणं आपल्याकडेच राहतं ना?" मी होय म्हटले. तिने चष्मा लावून दोन्ही पाने पुन्हा वाचली आणि मग सही केली. पहिला हिशेब येत्या चैत्रात यायचा आहे.