पांढुर्णा-सौंसर परिसर आणि विस्मरणातील गाणी

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक प्रथम सनदा, दप्तरे आणि शिलालेख शोधतो. गावाने कोणती गाणी ऐकली, कोणती एकमेकांस ऐकविली आणि कोणती विसरली, हे सहसा विचारले जात नाही. पांढुर्णा आणि सौंसर या परिसरापुरते तरी ते विचारणे अगत्याचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. तोवर राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली. कचेरीचा कागद भोपाळच्या दिशेने जाऊ लागला. बाजारहाट, सोयरीक आणि कान मात्र नागपूरकडेच राहिले. राजभाषा हिंदी झाली. मराठीचा मुक्काम घरात राहिला, आणि घरातल्या मराठीचा मोठा भाग गाण्यांत होता.

यांतील सर्वांत जुनी गाणी लिहिलेली नव्हतीच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाड-नागपूरकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखावयास लावतात. पोळ्याच्या संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात. त्यांत सावकारापासून सरकारपर्यंत कोणाचीही गय नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते आणि तिची बातमी देशभर छापून येते. आदल्या संध्याकाळच्या झडत्या टिपून घ्याव्यात असे मात्र क्वचितच कोणास वाटले. शिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडास निघालेले आणि श्रावणात नागद्वारीस जाणारे विदर्भातील यात्रेकरू महादेवाची गाणी म्हणत याच मुलखातून पचमढीकडे जातात. ही वाट राज्याच्या सीमेपेक्षा कितीतरी जुनी आहे.

सातपुड्यातील गाण्यांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकास चांगले परिचयाचे आहे. दुर्गा भागवत यांनी तरुणपणी मध्य प्रांतातील आदिवासी भागांत हिंडून संशोधन केले आणि १९४० च्या सुमारास सातपुड्याच्या खोऱ्यांतील लोकगीतांवर इंग्रजीत लेखन प्रसिद्ध केले. या भटकंतीत झालेल्या विषबाधेमुळे त्यांना पुढे कित्येक वर्षे अंथरुणावर काढावी लागली. दुर्गाबाईंचे ललितलेखन घरोघरी पोचले. त्यांचे हे काम मात्र विद्यापीठीय नियतकालिकांच्या पानांतच अडकून पडले. लोकगीत विसरले जाते, त्याप्रमाणे ते टिपणाऱ्याचे श्रमही विसरले जातात.

पुढे तबकडी आली. लाखेची ही तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई. तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे आणि हातून पडली की तिचे तुकडे होत. मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून जिचा मान मानला जातो, त्या १९३० नंतरच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’ या गीताचे कवी ना. घ. देशपांडे हे मेहकरचे वकील, आणि गायक ग. ना. जोशी यांनीही आरंभी नागपुरास वकिली केली होती. भावगीताचा हा आरंभ वऱ्हाड-नागपूरचा आहे, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या कौतुकात नेहमीच मागे पडते. ना. घं.ना १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी. शीळ ऐकलेल्यांच्या मानाने हा संग्रह वाचलेले किती असतील, हे कोणत्याही ग्रंथपालास देवघेवीच्या नोंदवहीवरून सांगता येईल. यात तबकडीचाही दोष आहे. तिच्यावर गायकाचे नाव ठळक छापले जाई. कवीचे नाव कित्येकदा नसेच.

ग्रामोफोन मोजक्याच घरी असे. ज्याच्या घरी असेल त्याच्या ओसरीवर आळी जमे आणि एकाची आवडती तबकडी सर्वांची होई. खरे सार्वत्रिक श्रवण आले ते नभोवाणीने. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. मध्यम लहरींना आंतरराज्य सीमा ठाऊक नसते. आठ वर्षांनी ती आखली गेली तेव्हाही नागपूरचा आवाज सौंसरच्या अंगणात पूर्ववत येत राहिला. संच घेतला की टपाल कचेरीत परवान्याचे शुल्क भरावे लागे. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि गाणे ओसरीवरून शेताच्या बांधावर गेले.

त्याआधी एक चमत्कारिक पर्व येऊन गेले. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले आणि शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु लोकांच्या आवडीस आज्ञा देता येते हा त्यांचा समज चुकीचा ठरला. मराठी भावगीताला मात्र या काळात नभोवाणीवर मोकळी जागा मिळाली. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेले ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ हे त्याच काळातले.

फर्माइशीच्या कार्यक्रमांनी देवाणघेवाणीस नवे रूप दिले. एक पोस्टकार्ड टाकावे आणि आपल्या गावाचे नाव देशभर ऐकावे, या हौसेने झुमरी तिलैया हे बिहारमधील, आताच्या झारखंडमधील, गाव विख्यात झाले. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’ने मराठी श्रोत्यांस हेच सुख दिले. पण फर्माईश नेहमी माहीत असलेल्या गाण्याचीच होते. लोकप्रिय गीत त्यामुळे अधिक लोकप्रिय झाले आणि तबकडीच्या मागल्या बाजूचे गाणे मागेच राहिले. त्याची भरपाई करण्यासाठी एखाद्या वेड्या संग्राहकाचीच गरज असते. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी बँकेची नोकरी सांभाळून हिंदी चित्रपटगीतांचा कोश रचला. १९८० पासून त्याचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत गाजलेल्या चित्रपटाइतकीच जागा पडलेल्या चित्रपटाला आहे. १९९० मध्ये मुंबईत तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली, तीही याच वेडातून.

२०२३ साली दोन गोष्टी घडल्या. नागपूरच्या राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, आणि ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर मिळून मध्य प्रदेशाचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. बढे यांचे गीत या नव्या जिल्ह्यात राज्यगीत नाही. तरी तेथील मराठी घरांस ते परके थोडेच वाटणार! बढे यांची नाजूक भावगीते तर दोन्ही बाजूंस सारखीच मागे पडली आहेत.

तबकड्या निदान मोजता येतात. भुलाबाईच्या गाण्यांचे तसे नाही. तेच गाणे दोन गावांत दोन चालींवर असते, सासरच्या माणसांची नावे बदलतात, आणि विवाहानंतर मुलगी सीमेच्या एका बाजूची चाल दुसऱ्या बाजूस नेते. कोणाच्या आजीच्या वहीत अशी गाणी उतरवलेली असतील, तर त्यांत शब्दांखाली गावाचे नाव, म्हणणारीचे माहेर आणि साल लिहिलेले असावे. ग्रंथालयात जुन्या पोथ्या दाखल करताना एवढ्या नोंदी घेतल्याच जातात.