वाचन आणि लेखन : एका अभ्यासविषयांतील फारकत

विश्वविद्यालयांत इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास कशासाठीं करावयाचा, या प्रश्नाला कोणी रसिकतेचें नांव घेतो, कोणी संस्कृतीचें, तर कोणी सरळ नोकरीचें. परंतु पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला एक साधी गोष्ट विचारून पाहावी. 'शेक्सपिअरच्या नाटकावर तूं बारा पानें टीका लिहिलीस. आतां तुला स्वतःला दिसलेल्या एखाद्या वस्तूवर वा माणसावर दोन पानें नीट लिहून दाखवशील काय?' पुष्कळ विद्यार्थी येथें घुटमळतात. हा दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. ज्या विषयांत ते तीन-चार वर्षें घालवितात, त्या विषयांतच वाचन आणि लेखन यांची फारकत झालेली आहे. आणि ती कशी झाली हें इतिहास पाहिल्याखेरीज उमगत नाहीं.

हा विषय प्रथम उभा राहिला तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथें नव्हे, तर स्कॉटलंडांत. १७०७ सालीं इंग्लंड व स्कॉटलंड या देशांचें एकच पार्लमेंट झालें. त्यानंतर स्कॉटलंडांतील वकील, धर्मोपदेशक आणि लेखक यांना लंडनांत मान्य होईल अशी इंग्रजी लिहिण्याची निकड भासूं लागली. आपल्या लिहिण्यांतून गांवचें वळण डोकावेल, ही त्यांना मोठी धास्ती. पुढें अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या ॲडम स्मिथनें १७४८ पासून एडिंबरो येथें या विषयावर व्याख्यानें दिलीं, आणि १७६२ सालीं तेथील विश्वविद्यालयांत ह्यू ब्लेअर यांची वक्तृत्व व ललित वाङ्मय या विषयाच्या अध्यापकपदावर नेमणूक झाली.

ब्लेअरची पद्धत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ॲडिसनच्या 'स्पेक्टेटर' पत्रांतील चार निबंध घेऊन त्यांतील एकेक वाक्य तो विद्यार्थ्यांपुढें तपाशी. कोणता शब्द जागच्या जागीं बसला आहे, कोणता उगीच आला आहे, वाक्याचा तोल कोठें ढळला आहे, हें दाखवी. आणि खुद्द ॲडिसनच्या चुका काढण्यासही तो कचरत नसे. चांगलें पुस्तक वाचणें आणि चांगलें वाक्य लिहिणें, हीं त्याच्या दृष्टीनें एकाच कामाचीं दोन अंगें होतीं. १७८३ सालीं छापून निघालेलीं त्याचीं व्याख्यानें अमेरिकेंतील कॉलेजांतही पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तक म्हणून चाललीं. ज्यांना भाषा कमवावी लागली त्यांनींच हा विषय निर्माण केला, ही गोष्ट आपणांस विशेष जवळची वाटली पाहिजे.

मग फारकत कोठें झाली ? माझ्या मतें ती परीक्षेच्या दालनांत झाली. १८२८ सालीं लंडनच्या नव्या विश्वविद्यालयांत टॉमस डेल हे इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचे अध्यापक झाले. परंतु या विषयाला खरें महत्त्व आलें तें हिंदुस्थानच्या राज्यकारभारामुळें. १८३५ सालीं मेकॉलेचें प्रसिद्ध टिपण लिहिलें गेलें. १८४४ सालीं हार्डिंजनें इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरींत अग्रहक्क दिला. आणि १८५४ सालीं मेकॉलेच्याच अध्यक्षतेखालीं हिंदुस्थानांतील मुलकी अधिकारी निवडण्यासाठीं चढाओढीच्या परीक्षेची योजना तयार झाली. तिच्या एकंदर ६८७५ गुणांपैकीं १५०० गुण इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास यांना होते. ग्रीक आणि लॅटिन यांना प्रत्येकीं ७५०, संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकीं ३७५. ज्या विषयाला ग्रीकच्या दुप्पट गुण, तो विषय शिकविण्याची सोय करणें मग ओघानेंच आलें.

परंतु परीक्षेला मोजतां येईल असें कांहीं तरी लागतें. कवीचा जन्म कोणत्या सालचा, अमुक शब्दाची व्युत्पत्ति काय, अमुक उल्लेख कोणत्या पुराणकथेचा, हें मोजतां येतें. वाक्य कां साधलें किंवा कां फसलें, हें मोजणें कठीण. म्हणून पहिल्या प्रकारचें ज्ञान वाढत गेलें व दुसरें मागें पडलें.

ऑक्सफर्डची कथा याच गोष्टीची साक्ष देते. तेथें १८८५ सालीं इंग्रजीसाठीं मर्टन अध्यासन निघालें, तेव्हां वाङ्मयाचा कोणी मर्मज्ञ येईल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. नेमणूक झाली ती नेपिअर या भाषाशास्त्रज्ञाची. दोन वर्षांनीं इतिहासकार फ्रीमन यानें असा आक्षेप घेतला कीं, रसिकतेची परीक्षा घेतां येत नाहीं, आणि असा विषय नेमला तर कवींविषयींच्या गप्पांनाच पदवी दिल्यासारखें होईल. या आक्षेपाला उत्तर म्हणून, १८९४ च्या सुमारास इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला तेव्हां त्यांत प्राचीन इंग्रजी आणि भाषाशास्त्र यांचा भरभक्कम पाया घालण्यांत आला. वाङ्मयाचे अध्यापक म्हणून सर वॉल्टर रॅले यांची तेथें नेमणूक झाली ती १९०४ सालीं. गंमत अशी कीं, हेच रॅले १८८५ ते १८८७ पर्यंत अलीगडच्या कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत होते. म्हणजे ऑक्सफर्डच्या मुलांना जो अध्यापक मिळाला, तो अलीगडच्या मुलांना एकोणीस वर्षें आधींच लाभला होता !

आपल्याकडे मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना १८५७ सालीं झाली, आणि १८६२ सालीं रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे चौघे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या पिढीला शिक्षकांची वाण नव्हती. कवि वर्डस्वर्थ यांचे नातू डेक्कन कॉलेजांत शिकवीत होते, व पुढें तेच एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पण थोड्याच वर्षांत मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकण्यांत आली, आणि इंग्रजी वाङ्मय हें हळूहळू टीपांचें वाङ्मय झालें. बेकनच्या एका पानाच्या निबंधाला चार पानें टीपा, आणि विद्यार्थ्याचें लक्ष निबंधावर नव्हे तर टीपांवर, हें चित्र आमच्या कॉलेजांतून फार काळ टिकलें. आणि आजही तें पुरतें पुसलें गेलें आहे असें म्हणवत नाहीं.

असें असूनही त्याच काळांत मराठी गद्याला बहर आला, हें कसें ? याचें उत्तर असें कीं, विश्वविद्यालयानें तोडलेला धागा आपल्या कर्त्या माणसांनीं विश्वविद्यालयाबाहेर जोडला. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं १८६७ सालीं 'ऑथेल्लो' मराठींत आणलें. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या गद्यावर पोसलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील शिक्षकाची नोकरी संभाळून १८७४ च्या जानेवारींत 'निबंधमाला' सुरू केली, आणि तिचे ८४ अंक काढले. आगरकरांचें 'विकारविलसित', म्हणजे 'हॅम्लेट'चें रूपांतर, १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. या कामाबद्दल कोणी त्यांना गुण दिले नाहींत. इंग्रजी वाक्याची चाल मराठींत कोठपर्यंत चालेल आणि कोठें अडखळेल, हें त्यांनीं स्वतः लिहून तपासलें. ब्लेअरनें जें वर्गांत केलें, तेंच त्यांनीं मासिकांतून केलें. आणि परक्या भाषेचा अभ्यास आपल्या भाषेंतील लेखनानें पुरा केला. न्यायमूर्ति रानडे यांनीं विश्वविद्यालयांत मराठीला पुन्हा स्थान मिळावें म्हणून अखेरपर्यंत खटपट केली, ती याच जाणिवेनें. १८९८ सालीं मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनीं लिहिलेलें टिपण आजही वाचनीय आहे.

पश्चिमेंतही ही उणीव जाणत्यांच्या ध्यानांत आली. केंब्रिज येथें १९१२ सालीं अध्यापक झालेले क्विलर-कूच हे स्वतः कादंबरीकार. त्यांनीं आपल्या पहिल्या व्याख्यानमालेचा विषयच 'लेखनकला' हा घेतला, व ती १९१६ सालीं पुस्तकरूपानें निघाली. अमेरिकेंत आयोवा विश्वविद्यालयानें १९३६ सालीं लेखकांसाठीं स्वतंत्र वर्ग सुरू केला. इंग्लंडांत ईस्ट अँग्लिया येथें १९७० सालीं तशीच पदवी निघाली. आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन-कार्यक्रमांत १९७५ ते १९७७ या काळांत आपले दिलीप चित्रे होते. परंतु येथेंही एक मेख आहे. लेखनाचा वर्ग एका दालनांत आणि वाङ्मयाचा दुसऱ्या दालनांत, अशी व्यवस्था झाली म्हणजे फारकत मिटत नाहीं. तिला फक्त दुसरें घर मिळतें. न वाचणारा लेखक आणि न लिहिणारा टीकाकार हीं एकाच दोषाचीं दोन रूपें आहेत.

लेखन शिकवून येत नाहीं, तें उपजत असावें लागतें, असें यावर कोणी म्हणेल. प्रतिभा उपजत असेल. पण नेटकें वाक्य ही प्रतिभेची नव्हे, सवयीची गोष्ट आहे. गवयाला गळा देवानें दिला तरी रियाज त्याला स्वतःलाच करावा लागतो, आणि रियाज न करणाऱ्या श्रोत्यालाही त्यामुळें गाणें अधिक कळतें असें नाहीं. म्हणून इंग्रजीच्या वर्गांत खर्च फार नको आणि नवी समितिही नको. आठवड्यांतून एक तास असा असावा कीं, गुरु-शिष्यांनीं मिळून लँबचें किंवा ऑर्वेलचें एक पान वाक्यावाक्यानें उलगडावें, आणि त्याच रात्रीं विद्यार्थ्यानें आपल्या गल्लीविषयीं, आजीविषयीं वा पावसाविषयीं एक पान लिहावें. इंग्रजींत लिहावें, मराठींत लिहावें, पण स्वतःचें लिहावें. दुसऱ्या दिवशीं तें पान त्याच कसोटीवर घासून पाहावें. परीक्षेंत त्याला गुण नसले तरी चालेल. चिपळूणकरांनाही ते नव्हते.