खोतीची बाकी आणि तिची वसुली

आपल्या ज्ञातीत खोतांची घराणी आहेत, तशी खोतांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांचीही आहेत. आज दोन्ही एकाच पंक्तीस बसतात. परंतु खोतीचा विषय निघाला म्हणजे एक बाजू गप्प होते व दुसरी थोडे अधिक बोलते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. खोती जाऊन पाऊणशे वर्षे लोटली. कुळाकडे थकलेली बाकी खोत वसूल कशी करीत असे, एवढा एकच प्रश्न घेऊन तो निर्मळ मनाने पाहण्यास आता हरकत नसावी. आमचे पितृकुळ अडीच आण्यांचे खोत आणि आजोळ त्याच पंचक्रोशीतले कूळ; तेव्हा कोणा एकाची वकिली करण्याचा आरोप आमच्यावर येणार नाही, अशी उमेद आहे.

खोत म्हणजे जमिनीचा निर्वेध मालक, ही समजूत बरोबर नव्हे. सरकारास गावचा सारा भरण्याचा कबुलायतदार, ही त्याची मूळ ओळख. कुळाने दिले अथवा न दिले, सरकारचा हप्ता त्यास चुकत नसे. हप्ता चुकला तर गावावर जप्ती येई व कारभार सरकार हाती घेई. त्यातच खोतीच्या वाटण्या होऊन एकेका गावास दहा-वीस हिस्सेदार झालेले; ते पाळीपाळीने कारभारी खोत होत. ज्याची पाळी त्याने एका वर्षात काय निघेल ते काढून घ्यावे, पुढचे पुढच्याने पाहावे, ही वृत्ती अशा व्यवस्थेतून न वाढती तरच नवल. कुळांस जाच झाला त्याचे अर्धे मूळ भाऊबंदकीत होते, असे आमचे मत आहे.

आता वसुली. भातशेतीचा वाटा अर्धल, म्हणजे पिकाचा निम्मा भाग; वरकस जमिनीचा तिरल, म्हणजे तिसरा भाग. दुसरा ठराव नसेल तर हेच प्रमाण धरावे, असे पुढे 1880 च्या खोती कायद्यातही आले. परंतु निम्मा कशाचा? येथेच सारी मेख होती. पीक उभे असतानाच खोत व गावचे चार लोक शेतावर जाऊन अंदाज बांधीत. त्यास अभावणी म्हणत. समजा, अभावणीत शेत चार खंडीचे ठरले. खोताचा वाटा दोन खंडी. पुढे परतीच्या पावसाने झोडपले आणि खळ्यावर तीनच खंडी भरली, तर खोताच्या दोन वजा जाता कुळास एक राहिली. निम्मा वाटा म्हणता म्हणता दोन तृतीयांश झाला. खोत म्हणे, कुळे रात्री भात चोरून झोडतात, म्हणून आधी अंदाज हवा. कूळ म्हणे, अंदाज बांधणारे खोताचेच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. जे देणे उरे ते बाकी म्हणून वहीत चढे आणि पुष्कळदा दिढीने फिरे. म्हणजे एका मणाचे पुढल्या हंगामात दीड मण. शिवाय वेठ होती ती वेगळीच. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर राबावे लागे, तिला आठवेठ म्हणत.

इंग्रजी अमलात बाकीच्या वसुलीस कायद्याचा हात मिळाला. त्याचा मार्ग 1879 च्या जमीन महसूल कायद्याच्या 86 व 87 या कलमांत आहे. वरिष्ठ धारकाने लेखी अर्ज करावा. कलेक्टरच्या हुकमाने कुळास नोटीस जावी. थोडक्यात चौकशी व्हावी आणि बाकी शाबीत झाल्यास ती सरकारी साऱ्याप्रमाणे, म्हणजे जंगम मालाची जप्ती व लिलाव करून, वसूल करून द्यावी. यासच लोक मदतीचा अर्ज म्हणत. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर अधिकाऱ्याने पक्षकारांस दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवावा, अशीही तजवीज होती. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची. पण त्यास स्टँप, वकील आणि कोर्टाच्या गावी हेलपाटे. म्हणून शहाणा खोत मदतीच्या अर्जाकडे वळे.

आमच्या घरच्या जुन्या पेटीत अशा एका अर्जाची नक्कल आहे, सन 1926 ची. अर्जदार आमचे पणजोबा. बाकी सव्वा खंडी भाताची. सामनेवाला म्हणून ज्यांचे नाव आहे ते आमच्या आईचे आजोबा. त्यांचा जबाब दोन ओळींचा आहे: भात खळ्यावरच मापून दिले, पावती मिळाली नाही. पावती कोणासच मिळत नसे. सारे खोताच्या वहीवर आणि वही खोताच्या घरी! जबाब फेटाळला गेला, आणि जप्तीच्या यादीत पहिलीच नोंद ‘तांब्याचा हंडा एक’ अशी आहे. ही नक्कल आम्ही प्रथम वाचली तेव्हा शाळेतून निवृत्त झालो होतो. आईस ही हकीकत लहानपणापासून ठाऊक होती, असे तेव्हा विचारल्यावर कळले.

कुळास अगदीच आधार नव्हता असे नाही. 1880 च्या कायद्याने 1845 सालापासून सतत कसणाऱ्या कुळांस कायम हक्क दिला, आणि गावच्या बोटखतात कोणाचे देणे किती ते लिहिले जाऊ लागले. ज्यांची नावे त्यात चढली ते तरले. सरकारने त्या कायद्यात दुरुस्ती योजिली तेव्हा, 1899 च्या सुमारास, लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून खोतांचा पक्ष मांडला होता. टिळकांचे घराणे चिखलगावचे खोत, हे लक्षात ठेवूनच ते लेख वाचावे. लोकमान्यांविषयीचा आदर त्याने उणावण्याचे कारण नाही. दुरुस्ती पुढे 1904 साली झाली.

वसुलीची ही सारी साधने एकाच वेळी बोथट झाली ती अलिबागजवळच्या चरी गावी. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसण्याचेच नाकारले. बाकी कशावर वसूल करणार? शेतच पडीक! लोकांनी हालअपेष्टा सोसल्या, परंतु संप सहा वर्षे टिकला. 1934 च्या डिसेंबरात चरीस शेतकऱ्यांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबई कायदेमंडळात मांडले, आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. 1939 साली महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातल्यावर संप मिटला. त्याच वर्षीच्या कूळकायद्यात संरक्षित कूळ हा शब्द आला.

पुढची पावले भराभर पडली. 1948 च्या कूळकायद्याने खंडास मर्यादा घातली, वेठ व इतर बाबी बंद केल्या आणि खंड घेतल्यावर लेखी पावती देणे जमीनमालकावर बंधनकारक केले. पावतीचे ते एक कलम 1926 साली असते तर! त्याच कायद्याने, बाकी थकली म्हणून कुळास एकदम काढता येईना. मामलेदाराने बाकी भरण्यास मुदत द्यावी, व मुदतीत भरली तर कूळ कायम राहावे, असे झाले. तीन वर्षे बाकी थकविणाऱ्यास मात्र ही सवलत नव्हती, आणि ते योग्यच होते. खंडावर जगणाऱ्या विधवा व म्हातारेही कोकणात पुष्कळ होते, त्यांचे हाल कोणी फारसे लिहिले नाहीत. खोती नष्ट करणारा कायदा 15 मे 1950 पासून अमलात आला, आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

आमच्या आईवडिलांचा विवाह 1955 सालचा. ज्या शेताच्या बाकीपायी हंडा गेला ते शेत दोनच वर्षांनी आजोळच्या नावावर झाले. खरेदीची किंमत हप्त्यांनी वडिलांच्याच घरी येत असे आणि तिच्या पावत्या आजोळी जपून ठेवल्या आहेत.

कोकणातील सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात जुन्या कुळांची नावे अद्याप दिसतात व त्यांवरून वाद चालतात. तेव्हा ज्या सभासदांच्या घरी बोटखताचे उतारे, कबुलायती, मदतीच्या अर्जांच्या नकला किंवा खंडाच्या पावत्या असतील, मग ते घराणे खोताचे असो की कुळाचे, त्यांनी त्यांच्या प्रती मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्या. मोडी कागद वाचून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.