चिनी कढईचा मुंबईतला इतिहास
महाबळेश्वरास जाणारा प्रवासी ‘चायनामन्स फॉल’ नावाचा धबधबा पाहून येतो. परंतु ज्यांच्यामुळे त्याला हे नाव पडले ते चिनी लोक त्या डोंगरमाथ्यावर स्वेच्छेने आलेले नव्हते, पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा ठोठावून धाडलेले ते कैदी होते, आणि १८६४ साली तेथील तुरुंग मोडला जाईपर्यंत सुमारे तीस वर्षे त्यांनी तेथले रस्ते बांधले, वेताच्या टोपल्या विणल्या आणि बटाट्यांचे व विलायती भाज्यांचे मळे पिकवून गोऱ्या अंमलदारांच्या मुदपाकखान्यांची सोय केली, ही हकीकत सरकारी दप्तरात नोंदलेली असूनही लोकस्मृतीतून जवळजवळ पुसली गेली आहे. आपल्या अन्नाला चिनी हात लागला तो आधी असा.

मुंबई बंदराचा कँटनशी व्यवहार त्याहूनही जुना. पश्चिम हिंदुस्थानचा कापूस आणि माळव्याची अफू येथून जाई, तेथून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी येत, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या या उलाढालीवर उभ्या राहिल्या. जहाजांमागून माणसे आली. ग्वांगडोंग प्रांतातील चार परगण्यांतून आलेल्या मंडळींनी १९१९ साली माझगावात गोदीच्या शेजारी ‘सी युप’ मंदिर स्थापन केले. कामाठीपुऱ्यालगत शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपासही त्यांची वस्ती होती. जोडे शिवणारे, दात बसविणारे, रेशमी कापडाचे गाठोडे घेऊन दारोदार हिंडणारे असे हे लोक. खाद्यगृह काढणारे त्यांतले थोडेच. पुढे अपोलो बंदराजवळचे ‘नानकिंग’ आणि चर्चगेटचे ‘कामलिंग’ नावारूपाला आले, तेव्हा कोठे मुंबईकर सद्गृहस्थ सहकुटुंब चिनी मेजावर बसू लागला.

१९६२ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटले, आणि सीमेवरच्या सैन्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा या लोकांवर, त्यांतले कित्येक येथेच जन्मलेले आणि येथलेच नागरिक असताना, केवळ वंशाच्या आधारे संशयाची मुद्रा उमटविण्यात आली. आसाम आणि उत्तर बंगालमधून मुलाबाळांसह आगगाडीत घालून सुमारे तीन हजार जणांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ना फिर्याद, ना सुनावणी. काहींना जहाजाने चीनला रवाना केले, काही वर्षानुवर्षे तारांच्या कुंपणात राहिले, आणि जे सुटून घरी परतले त्यांतल्या अनेकांना आपल्या घरादाराचा लिलाव झालेला आढळला. जे छावणीत गेले नाहीत त्यांनाही गाव सोडण्यासाठी परवाना घ्यावा लागे. आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील हे पान लज्जास्पद आहे, असे मला निःसंदिग्धपणे वाटते. सरकारी नोकरीचे आणि गोदीतल्या कामाचे दरवाजे जेथे बंद झाले, तेथे स्वतःच्या हातांवर चालणारे धंदे तेवढे उरले, आणि त्यांत कढईचा धंदा सर्वांत टिकाऊ ठरला.

त्याची भरभराट झाली ती पुढच्या दीड दशकात. १९७३ साली ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ उघडले आणि सिचुआनी तिखटाशी मुंबईची ओळख झाली. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण व हिरवी मिरची परतून, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून, मक्याच्या पिठात तळलेल्या कोंबडीच्या तुकड्यांचे ‘मांचुरियन’ सिद्ध केले असे सांगितले जाते. चीनमध्ये असा पदार्थ नाही म्हणून त्याला नाक मुरडणारे रसिक मला भेटले आहेत. परंतु आपल्या ताटातील बटाटा आणि मिरची हीसुद्धा समुद्रापलीकडून आलेली आहेत, आणि परक्या मुलखात पोट भरण्यासाठी यजमानाची जीभ ओळखून केलेले अन्न मला शुद्धाशुद्धतेच्या वादापेक्षा फार मोठे वाटते.

माझ्या तारुण्यातले जे चिनी उपाहारगृह ग्रँट रोडच्या अलीकडे एका गल्लीत होते, तेथे नोकरीमुळे मुंबई सुटल्यानंतर कित्येक वर्षे पाऊल पडले नव्हते. गेल्या हिवाळ्यात गेलो. संगमरवरी मेजांच्या जागी सनमायकाची मेजे आली आहेत, यादीत ट्रिपल शेजवान राइस आणि जैन मांचुरियन यांची भर पडली आहे, पण मालकाने गल्ल्यावरून मान वर करून, “साहेब, किती वर्षांनी! कोपऱ्यातली जागा रिकामी आहे, बसा,” असे स्वच्छ मराठीत म्हटले तेव्हा मला फार आनंद झाला. स्वयंपाकघर आता नेपाळहून आलेल्या आचाऱ्याच्या स्वाधीन आहे. ही विद्या त्याला मालकाच्या वडिलांनी दिली: आदल्या दिवशी शिजवून थंड केलेला भात, गोल बुडाची लोखंडी कढई, तिला जवळजवळ गिळून टाकणारी भट्टीची ज्वाळा, आणि दाणा दाण्याला चिकटण्याच्या आत कढई उतरवण्याची घाई. पातीचा कांदा शेवटी पडतो, तोही आच बंद झाल्यावर. चव तीच होती.

जेवण झाल्यावर मालक समोर येऊन बसले. घरचे कोण कोण आहेत, असे मी विचारले. वडील गेले, भाऊ ऑस्ट्रेलियात, आपल्यामागे ही भट्टी कोण सांभाळणार हे ठरलेले नाही. कलकत्त्याला टांग्र्यात ज्यांची चामडे कमावण्याची कारखानदारी होती ते मामा, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानंतर चर्मोद्योगाला तेथून हलावे लागले तेव्हा, टोरोंटोला गेले. तेथे कलकत्त्याहून गेलेल्या हक्का चिनी कुटुंबांची खाद्यगृहे पुष्कळ आहेत आणि त्यांत चिली चिकन, हक्का नूडल्स, मांचुरियन हेच खपते. मामांच्या दुकानात शनिवारी सर्वांत मोठी रांग कोणाची, असे विचारल्यावर मालक हसून म्हणाले, “तुमचीच. मुंबई-पुण्याची माणसं. मामी आता पार्सल बांधताना मराठीत आकडे मोजते.”